दोनदा टाकलेला स्टेंट पुन्हा भरला, आता आतून रेडिएशन द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे गृहस्थ इंदूरच्या सुदामानगरचे. आईंचं वय ६६, मधुमेह जुना. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत, म्हणजे एलएडीत, औषधी स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी औषध लावलेली धातूची जाळी, टाकला. वर्षाच्या आत तो आतून भरत आला म्हणून त्याच्याच पोटात दुसरा बसवला. आता पुन्हा जिना चढताना छाती भरून येते आणि अँजिओग्राफीत त्याच जागी ८० टक्के ब्लॉकेज दिसतंय. अमेरिकेतला मावसभाऊ सांगतो की तिकडे अशा वेळी रक्तवाहिनीच्या आतून रेडिएशन देतात. तर ही सोय आपल्याकडे कुठे आहे, त्याने कॅन्सर तर होणार नाही ना, आणि इथल्या डॉक्टरांनी याबद्दल अवाक्षर का काढलं नाही, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मावसभाऊ चुकीचं सांगत नाहीत. या उपचाराला ब्रॅकीथेरपी म्हणतात, आणि एके काळी स्टेंटच्या आत पुन्हा वाढणाऱ्या ब्लॉकेजवर तिच्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नव्हता. मी हृदयरोगाचं शिक्षण घेत होते तेव्हा ती ऐन भरात होती आणि परदेशातल्या एका केंद्रात मी ती जवळून पाहिली आहे. तरीसुद्धा ‘कुठे मिळेल’ हा प्रश्न मी तूर्त मागे ठेवेन. आधी हे कळायला हवं की एकाच जागी दोन-दोन स्टेंट का भरले. त्याचं उत्तर हातात नसताना तिसरा स्टेंट घाला, औषध लावलेला फुगा फुगवा की रेडिएशन द्या, सगळं अंदाजपंचे दाहोदरसे.

आईंच्या सीडी मी पाहिलेल्या नाहीत. किडनीचे आकडे आणि हृदयाचं पंपिंग तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून ‘हे करा’ असं मी सांगणार नाही. कुठला विचार करून निर्णय घ्यायचा ते सांगते.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवून ब्लॉकेज उघडलं. तेव्हापासून आजतागायत एक गोष्ट बदललेली नाही. फुगा फुगवणं ही रक्तवाहिनीला मुद्दाम केलेली जखमच असते. आतला थर फाटतो, मधल्या स्नायूंच्या थराला चिरा जातात, आणि शरीर ती जखम भरायला धावतं. सुरुवातीच्या काही तासांत ताणलेली भिंत परत आत येते. मग मधल्या थरातल्या स्नायूपेशी वाढू लागतात, आतल्या बाजूला सरकतात आणि स्वतःभोवती तंतुमय द्रव्य साठवतात. पुढच्या काही महिन्यांत अख्खी रक्तवाहिनी बाहेरूनच आक्रसते. नुसत्या फुग्याच्या काळात तीनपैकी एका पेशंटची तरी जागा सहा महिन्यांत परत अरुंद व्हायची. डॉक्टर आणि पेशंट दोघंही हे गृहीत धरून चालायचे.

१९८६ मध्ये तुलूझला जॅक पुएल आणि लोझानला उलरिच सिगवार्ट यांनी माणसात पहिले स्टेंट बसवले. धातूच्या जाळीने भिंत आत येणं थांबलं आणि बाहेरून आक्रसणंही थांबलं. पण धातू कायमचा भिंतीत रुतलेला राहतो, त्यामुळे जखम अधिक खोल होते आणि पेशींची वाढ उलट जास्त जोमाने होते. म्हणजे तीन कारणांपैकी दोन मिटली आणि तिसरं बळावलं. साध्या, बिनऔषधाच्या स्टेंटमध्ये चार-पाच पेशंटांमागे एकाची जागा भरायची; मधुमेह, बारीक रक्तवाहिनी, लांबलचक ब्लॉकेज असेल तर त्याहून जास्त. हे भरलेलं मांस कापून काढा, दाबून बसवा, काही केलं तरी पुन्हा वाढायचं.

रेडिएशनची कल्पना इथे आली, आणि ती आकाशातून पडलेली नव्हती. जखमेच्या जागी व्रण फुगून येतो, ज्याला केलॉइड म्हणतात, तो कापल्यावर थोडं रेडिएशन दिलं तर परत कमी येतो, हे त्वचेच्या डॉक्टरांना कित्येक वर्षं ठाऊक होतं. डोळ्यात वाढणारं मांस, ज्याला वेल म्हणतात, ते काढल्यावरही स्ट्रॉन्शियमची चकती काही क्षण टेकवत. तत्त्व तेच. विभाजनाच्या बेतात असलेली पेशी किरणांना सर्वाधिक बळी पडते, कारण तिचा डीएनए तुटला की विभाजनाच्या वेळी ती मरते किंवा कायमची थबकते. शांत बसलेल्या पेशीला तेवढ्याने फारसं काही होत नाही. फुगा फुगवल्यानंतर पहिल्या काही दिवसांत स्नायूपेशी विभाजनाला लागतात. तेव्हा जखम झाल्या-झाल्या, त्याच टेबलावर, रेडिएशनचा एक डोस द्यायचा. फ्रँकफर्टला डीटर लिअरमान यांच्या गटाने १९९० मध्ये पायाच्या रक्तवाहिन्यांत हे सुरू केलं, मग हळूहळू ते हृदयापर्यंत आलं.

प्रत्यक्षात हे कसं चालायचं ते सांगते, कारण ‘हृदयात रेडिएशन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कॅन्सरचं अवाढव्य मशीन उभं राहतं. हृदयासाठी दोन प्रकार वापरात होते. एकात इरिडियम-१९२, जे गॅमा किरण देतं. ते लांबवर शिरतात, त्यामुळे आमच्या अंगावरचे शिशाचे एप्रन त्यांच्यापुढे जवळजवळ निकामी. किरणस्रोत आत गेला की पेशंट सोडून सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं. पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त, काचेपलीकडून ईसीजीवर नजर. आत माणूस एकटा, आणि त्याच्या रक्तवाहिनीत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, अडकवलेलं. मला हे कधीच आवडलं नाही.

दुसरा प्रकार बीटा किरणांचा. ते काही मिलिमीटरच्या पुढे फारसे जात नाहीत. आम्ही पाहत होतो ते यंत्र हातात मावेल एवढं होतं. त्यात स्ट्रॉन्शियम-९० चे अडीच मिलिमीटर लांबीचे दाणे एका ओळीत. तीस मिलिमीटरच्या ओळीत बारा, चाळीसच्या ओळीत सोळा. यंत्राला कॅथेटर जोडायचं, सिरिंजने निर्जंतुक पाण्याचा दाब द्यायचा, की दाणे नळीतून सरकत थेट हृदयापर्यंत पोचायचे. स्क्रीनवर ओळीच्या दोन टोकांच्या खुणा ब्लॉकेजच्या दोन्ही बाजूंना बसल्या की घड्याळ सुरू. तीन ते पाच मिनिटं. कोणीतरी मोठ्याने वेळ पुकारायचं. त्या मिनिटांत पेशंटच्या छातीत दुखू लागायचं, कारण आधीच अरुंद झालेल्या जागेत कॅथेटर रक्ताची वाट अडवून बसलेलं असायचं. वेळ संपली की पाण्याचा दाब उलटा, दाणे परत यंत्रात. यंत्राच्या छोट्या खिडकीतून सगळे दाणे परत आलेले दिसल्याशिवाय कोणी हलायचं नाही. मग रेडिएशन फिजिसिस्ट मीटर घेऊन पेशंटच्या छातीवरून, टेबलावरून, अगदी जमिनीवरूनही फिरायचा. शेजारी जाड अॅक्रिलिकचा डबा उघडा ठेवलेला असायचा. दाणे अडकले तर अख्खं कॅथेटर ओढून काढून त्यात टाकायचं. शिशाचा डबा का नाही, असं आमच्यातल्या एकाने विचारलं होतं. बीटा किरण शिशावर आदळले की त्यातून एक्स-रे निर्माण होतात, म्हणून आधी प्लॅस्टिक.

फायदा मात्र निर्विवाद होता. १९९७ साली पॉल टिअरस्टीन यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्सची चाचणी प्रसिद्ध केली. पेशंट अवघे ५५. काहींना खरं इरिडियम, बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय पट्टी. पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण १७ टक्के विरुद्ध ५४ टक्के. रॉन वॅक्समन यांच्या वॉशिंग्टनच्या चाचणीत १३० पेशंट होते आणि आकडे १९ विरुद्ध ५८. आमच्या क्षेत्रात एवढा फरक क्वचित दिसतो. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन यंत्रांना परवानगी दिली.

मग ही पद्धत मागे का पडली? ती कुचकामी ठरली असं नाही. पण तिच्या दोन खोडी होत्या आणि त्या आकड्यांतच दिसतात. २००१ साली आलेल्या गामा-१ या २५२ पेशंटांच्या चाचणीत फक्त स्टेंटच्या आत मोजलं तर पुन्हा भरण्याचं प्रमाण २१.६ टक्के विरुद्ध ५०.५ टक्के. स्टेंटच्या टोकांपलीकडचा भाग धरून मोजलं की तेच ३२.४ विरुद्ध ५५.३. बीटाच्या स्टार्ट चाचणीत रेडिएशनच्या गटाचा आकडा स्टेंटच्या आत १४.२ आणि टोकं धरून २८.८, म्हणजे थेट दुप्पट. आतली जागा साफ आणि दोन्ही टोकांना आवळलेली. चॉकलेटचा कागद दोन्हीकडून पिळलेला असतो, तशी. याचं कारण सरळ आहे. फुग्याने जखम जिथवर केली तिथवर दाण्यांची ओळ पोचली नाही, तर टोकाला जखम पूर्ण पण डोस अर्धवट, आणि अर्धवट डोसने वाढ थांबत नाही. म्हणून पुढे लांब ओळी वापरायला सुरुवात झाली. स्टेंटच किरणोत्सारी करून बसवण्याचा प्रयोगही झाला. तो टोकांच्या या भानगडीतच बुडाला.

दुसरी खोडी जास्त घातक होती. रेडिएशन फक्त नको त्या पेशी थांबवत नाही. स्टेंटच्या तारांवर जे नवं, गुळगुळीत अस्तर यायला हवं, तेही ते थांबवतं. उघड्या तारांवर कित्येक महिन्यांनी अचानक रक्ताची गुठळी धरायची. गामा-१ मध्ये अशा उशिराच्या गुठळीचं प्रमाण ५.३ टक्के होतं, रेडिएशन न दिलेल्यांत ०.८. हळूहळू भरलेला स्टेंट माणसाला छातीत दुखवून सावध करतो. गुठळी थेट हार्ट अटॅक घेऊन येते. यावरून दोन धडे घेतले गेले: रेडिएशन द्यायचं तर त्याच बैठकीत शक्यतो नवा स्टेंट घालू नये, आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या निदान वर्षभर चालू ठेवाव्यात.

हे सगळं सुधारत असतानाच औषधी स्टेंट आले. २००२ साली रॅव्हेल चाचणीत २३८ पेशंटांपैकी सिरोलिमस या औषधाच्या स्टेंटच्या गटात एकाचीही जागा सहा महिन्यांत पुन्हा अरुंद झाली नाही. साध्या स्टेंटमध्ये २६.६ टक्के. तत्त्व रेडिएशनचंच: पेशींचं विभाजन रोखायचं. पण इथे किरणस्रोत नको, फिजिसिस्ट नको, खोली रिकामी करणं नको, आणि कुठलाही कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीचा विभाग, उद्यापासून ते करू शकणार. २००६ मध्ये दोघांची समोरासमोर तुलना झाली. साधा स्टेंट भरलेल्या पेशंटांत सिरोलिमस स्टेंटनंतर नऊ महिन्यांत १२.४ टक्क्यांना पुन्हा त्रास किंवा उपचाराची वेळ आली, रेडिएशननंतर २१.६ टक्क्यांना. पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाच्या स्टेंटनेही तसाच विजय मिळवला. तोवर कंपन्या बाजारातून निघू लागल्याच होत्या. त्यानंतर तयार झालेल्या बहुतेक हृदयरोगतज्ज्ञांनी ब्रॅकीथेरपी फक्त पुस्तकात वाचली आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यात आलं. कोणी काही लपवलेलं नाही. जे हाताशी नाही ते ओपीडीच्या दहा मिनिटांत कोणी काढत नाही, इतकंच.

इथे एक बारकावा आहे, आणि तुमच्या आईंच्या दृष्टीने तो महत्त्वाचा. २००६ च्या त्या तुलना साध्या स्टेंटच्या होत्या. आईंचा स्टेंट औषधीच होता, तरी भरला. म्हणजे औषधाने हात टेकल्यावर काय, हा प्रश्न वेगळा आहे. नेमक्या याच पेशंटांसाठी, ज्यांच्या एकाच जागी धातूचे दोन-तीन थर झालेत आणि तरी मांस वाढतंय, अमेरिकेतल्या मोजक्या केंद्रांनी ते बीटाचं यंत्र पुन्हा बाहेर काढलं. मावसभावाने ऐकलंय ते हेच.

पण तिकडे ते का टिकलं याचं आणखी एक कारण आहे. औषध लावलेला फुगा युरोपात आणि आपल्याकडे कित्येक वर्षं वापरात आहे. तो स्टेंटच्या आत फुगवायचा, अर्धा-एक मिनिट धरायचा, औषध भिंतीत उतरतं, फुगा बाहेर. नवा धातू मागे राहत नाही. युरोपच्या हृदयरोग संघटनेने २०१४ पासूनच भरलेल्या स्टेंटसाठी त्याची ठाम शिफारस केली आहे. अमेरिकेत हृदयासाठी अशा फुग्याला परवानगी मिळाली मार्च २०२४ मध्ये. ज्या ६०० पेशंटांच्या चाचणीवर ती मिळाली, तीत वर्षभरात १७.९ टक्के अपयश होतं, साध्या फुग्यात २८.६. तोवर तिथल्या डॉक्टरांपुढे साधा फुगा, तिसरा स्टेंट, बायपास किंवा रेडिएशन एवढेच पर्याय होते. आपल्याकडे पॅक्लिटॅक्सेलचे फुगे आहेतच, आणि सिरोलिमसचा फुगा तर सुरतला बनतो. तेव्हा अमेरिकेत आहे ते इथे नाही म्हणजे आपण मागे, असा हिशेब इथे लागू होत नाही.

ब्रॅकीथेरपीच्या सोयीचं विचाराल तर इंदूरमध्ये ती नाही, आणि भारतातल्या कॅथलॅबमध्ये ती रोजच्या कामाचा भाग राहिलेली नाही. किरणस्रोत ठेवायचा तर अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतो, रेडिएशनचे डॉक्टर आणि फिजिसिस्ट त्या वेळी टेबलाशी हजर लागतात, स्रोत ठरावीक काळाने बदलावा लागतो. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पेशंट, त्यांच्यासाठी हा पसारा कोण मांडणार? इंदूरच्या कॅटमध्ये, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या संशोधन केंद्रात, नोकरी केलेले एक काका मला दर भेटीत ऐकवतात, “डॉक्टर, कॅन्सरच्या पेशंटांना सिकाई देतात त्या मशीनमध्ये इरिडियमच असतं ना? तेच सोडा की नसेत.” शंका रास्त आहे. पायाच्या जाड, सरळ रक्तवाहिन्यांत तसं खरोखर केलं गेलंय. पण हृदयाची रक्तवाहिनी तीन मिलिमीटरची, वळणावळणाची, सतत हलणारी. केबलच्या टोकावरचा तो स्रोत तिच्यासाठी बनवलेला नाही आणि तिथे वापरायला परवानगीही नाही.

कॅन्सरची भीती मात्र या प्रकरणात मला दुय्यम वाटते. बीटाचा डोस स्रोताच्या मध्यापासून दोन मिलिमीटरवर १८ किंवा २३ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या डोसचं माप), रक्तवाहिनीच्या जाडीप्रमाणे. आकडा छोटा नाही, पण तो पोचतो अगदी चिमूटभर भागात. फुप्फुस, स्तन, हाडांतला मगज यांच्यापर्यंत बीटा जवळजवळ जातच नाही. गॅमात शरीराच्या बाकी भागाला थोडा डोस जातो, म्हणून तरुण पेशंटांत तो विचार करण्यासारखा. ६६ व्या वर्षी, एलएडी ८० टक्के बंद असताना, पंधरा-वीस वर्षांनंतरच्या कॅन्सरचा धोका तराजूत फार हलका पडतो. गुठळीचा धोका त्याहून कितीतरी खरा आणि जवळचा. विरोधाभास असा की छातीच्या कॅन्सरसाठी जुन्या काळी दिलेल्या रेडिएशनने, जो डोस सबंध हृदयावरून जायचा त्याने, हृदयाच्या रक्तवाहिन्या पुढे अरुंद झालेल्या आम्ही पाहतो. किरण तेच, किती, कुठे आणि कोणत्या पेशींवर पडले यावर सगळं ठरतं.

इथवरचं थोडक्यात: रेडिएशन पेशींची वाढ थांबवतं, एवढंच. स्टेंट दुसऱ्या कुठल्या कारणाने अरुंद झाला असेल तर त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि दुसरी कारणं फार वेळा सापडतात, म्हणून माझा सगळा भर आता इथे आहे. अँजिओग्राफी म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या रंगाची सावली. ८० टक्के अरुंद हे ती सांगते, कशामुळे ते सांगत नाही. त्यासाठी रक्तवाहिनीच्या आत कॅमेरा घालावा लागतो. दोन प्रकार आहेत, ओसीटी आणि आयव्हस. ओसीटी प्रकाशावर चालतो आणि दहा-पंधरा मायक्रॉनपर्यंतचं बारीक दाखवतो. आयव्हस ध्वनिलहरींवर चालतो, तितका बारीक नाही पण भिंतीच्या खोलवर पाहतो आणि त्याला जादा डाय, म्हणजे अँजिओग्राफीत सोडतात तो रंग, लागत नाही. आईंची किडनी नाजूक असेल तर आयव्हस बरा.

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे ‘स्टेंट वारंवार भरतो’ म्हणून आलेल्यांपैकी कितीतरी जणांचा स्टेंट मुळात पुरता उघडलाच नव्हता. ओसीटीच्या आडव्या छेदात ते लगेच दिसतं. भिंतीत कॅल्शियमचा जाड पट्टा, त्याच्या आत तारा दाटीवाटीने एका बाजूला दबलेल्या, गोल वर्तुळाच्या जागी चपटा आकार. अशा स्टेंटच्या आतलं क्षेत्रफळ मोजलं तर तीन चौरस मिलिमीटरच्या आसपास निघतं. ओसीटीवर साडेचारच्या वर हवं असतं. अशा जागी थोडंसं मांस आलं तरी वाट बंद. त्याच्याच पोटात दुसरा स्टेंट घातला की तोही चपटाच बसतो, शिवाय धातूचा आणखी एक थर. तिथे हवं असतं ते जास्त दाबाचा कडक फुगा, किंवा ध्वनिलहरींनी कॅल्शियम फोडणारा फुगा, म्हणजे लिथोट्रिप्सी. रेडिएशनने कॅल्शियम हलत नाही.

कधी स्टेंटची तार तुटलेली असते. कधी स्टेंट ब्लॉकेजच्या टोकापर्यंत पोचलेलाच नसतो. कधी आत वाढलेलं ते साधं मांस नसून नव्याने साठलेली चरबी असते. मधुमेहात आणि काही वर्षांनी भरलेल्या स्टेंटमध्ये हे विशेष. तिथे स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीचा डोस आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, याकडे पाहावं लागतं. अशा पेशंटचा एलडीएल ५५ च्या खाली हवा. किती घरांत सकाळचे पोहे-जिलेबी बंद होतात, शुगर लिहून ठेवायची वही येते आणि एलडीएलचं नाव कुणी काढत नाही, काय सांगू! आणि कधी खरंच सगळं नीट उघडलेलं असतं, तारा गोल बसलेल्या असतात, आणि आत एकसारखं, पांढरट, तंतुमय मांस भरलेलं असतं. ज्याच्यासाठी औषधी फुगा, आणि तोही हरला तर रेडिएशन, असा पेशंट हा.

आईंच्या बाबतीत धातूचे दोन थर आधीच आहेत, म्हणून तिसरा स्टेंट मी फार नाखुशीने घालेन. तीन मिलिमीटरच्या वाहिनीत प्रत्येक थर आपली जाडी खातो. कॅमेऱ्याने कारण शोधून, जागा नीट तयार करून, औषधी फुगा. माझा कल या बाजूला असेल.

पण एक शब्द तुम्ही प्रश्नात कुठेच लिहिलेला नाही, तो मला लिहावाच लागेल: बायपास. एलएडीतली जागा, मधुमेह, दोनदा अपयश. छातीच्या आतून जाणारी मॅमरी धमनी एलएडीला जोडली तर ती दहा वर्षांनीही दहातल्या नऊ पेशंटांत चालू असते. कुठलाही स्टेंट, फुगा वा किरण या जागी एवढा टिकाऊपणा देत नाही. छाती उघडायची म्हणून घरचे दचकतात, आणि पेशंट तर “मला नाही बाई कापून घ्यायचं” म्हणून मोकळ्या होतात. फक्त एलएडीच बंद असेल तर काही शल्यचिकित्सक बरगड्यांमधल्या छोट्या छेदातून हे करतात. फुप्फुसं, किडनी आणि पंपिंग ठीक असेल तर हृदयशल्यचिकित्सकाला एकदा फिल्म दाखवल्याशिवाय पुढचा फुगा फुगवू नका. दाखवलं म्हणजे ऑपरेशन करूनच घ्यावं लागतं असं नाही.

सध्याच्या डॉक्टरांना विचारायचं ते साधं आहे: दुसऱ्या स्टेंटच्या वेळी आत कॅमेरा घातला होता का, आणि या वेळी घालणार आहात का? त्यावरून पुढचं बोलणं आपोआप निघेल. हा प्रश्न विचारला म्हणून कोणी रागावणार नाही. रागावलेच तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही.

दुसऱ्या मतासाठी इथल्याच दुसऱ्या हॉस्पिटलात जा नाही तर अवंतिका एक्स्प्रेसने रात्री बसून मुंबई गाठा, पण नुसता रिपोर्टचा कागद घेऊन जाऊ नका. तिन्ही अँजिओग्राफींच्या सीडी हव्यात, आणि दोन्ही अँजिओप्लास्टींच्या सुद्धा. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटच्या डब्यावरचा स्टिकर चिकटवलेला असतो, त्यावर स्टेंटचा व्यास आणि लांबी असते. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. क्रिएटिनीन (किडनीचा आकडा), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि एलडीएल ताजे करून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर डायच्या आधी ते कधी थांबवायचं हे विचारून घ्या, मनाने थांबवू नका.

हे सगळं छातीत फक्त चढताना दुखतंय तोवर. बसल्या जागी दुखलं, घाम फुटला, दुखणं पंधरा-वीस मिनिटं राहिलं, तर कुठलं मत आणि कुठली सीडी. जवळच्या चालू कॅथलॅबमध्ये लगेच न्या. आणि तोवर अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद होऊ देऊ नका. दात काढायचा असला तरी आधी स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांना फोन करा, मग दातांच्या डॉक्टरांकडे जा.